चढाई करायची की नाही: एका गुडघ्याचं प्रकरण

ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा नीट चालत आली. लंगडणं जवळजवळ नव्हतंच. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, गुडघा जरा सटकतोय. आणि ऑक्टोबरमध्ये जिल्ह्याच्या कबड्डी संघाची निवड चाचणी आहे." जानेवारीचा तिसरा आठवडा चालू होता. तिच्या डोक्यात महिने मोजून झाले होते, माझ्याकडून फक्त होकार हवा होता.

मी दादरला फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे खेळाडू बहुतेक कबड्डी-खोखोचे. प्रभादेवी, लोअर परळ, नायगाव, वडाळा इथल्या मंडळांचे. हे प्रकरण लिहायला तिची परवानगी आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, गुडघ्याचे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

वय 22, वजन 58 किलो, डाव्या बाजूनं चढाई करणारी. मुंबई शहरच्या कुमारी गटाकडून राज्य स्पर्धा खेळलेली, पदक नाही. एका कंपनीच्या संघात करारावर, दरमहा थोडं मानधन. वडील बेस्टमध्ये कंडक्टर, आई घरी शिवणकाम करते. घर नायगावात चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. हा मजला पुढे फार महत्त्वाचा ठरला, म्हणून इथेच सांगून ठेवते.

नेमकं काय झालं होतं

डिसेंबरमध्ये एका स्थानिक स्पर्धेत, मॅटवर. ती बोनस घ्यायला आत गेली, बोनस मिळाला, आणि परत फिरताना डावा पाय रोवून अंग वळवलं. बुटानं मॅट घट्ट धरली, पाय तिथेच राहिला, गुडघा आत झुकला. त्याच क्षणी मध्यरक्षकानं मागून कंबर धरली. "टक् झालं, मला ऐकू आलं," असं ती सांगते. तरी ती उठली. सरांनी स्प्रे मारला, क्रेप बांधली, आणि उत्तरार्धात तिनं आणखी दोन चढाया केल्या. दोन तासांत गुडघा भोपळ्यासारखा फुगला.

इथेच पहिली चूक झाली, आणि ती आपल्या मैदानांवर रोज होते. मार लागल्यावर दोन-तीन तासांत एवढी सूज आली की सांध्यात रक्त साचलं आहे असं धरून चालावं, आणि वळताना मार लागलेल्या तरुण खेळाडूत त्याचं सगळ्यात मोठं कारण असतं एसीएल, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारा गुडघ्यातला अस्थिबंध, तुटणं. "पाणी झालंय, शेक दे" हा सल्ला तिला तिघांनी दिला. दहा-बारा दिवसांत सूज ओसरली, चालता येऊ लागलं. एसीएल नसतानाही माणूस सरळ रेषेत छान चालतो, काहीजण धावतातही, म्हणूनच ही इजा फसवी. तिला वाटलं बरं झालं. जानेवारीत सरावाला उतरली, एका साध्या वळणाला गुडघा निसटला आणि ती खाली बसली. एसीएल बहुधा डिसेंबरातच गेलं होतं. त्या दुसऱ्या वेळी आतली गादी, म्हणजे दोन हाडांमधली कूर्चेची चकती, हीही फाटली असावी असा माझा अंदाज आहे. सिद्ध करता येणार नाही, पण निसटणारा गुडघा गादी खातो हे आम्ही रोज बघतो.

मी तिची मांडी एका हातानं धरून दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढली. दावं ताणलं की गाय जिथे थांबते तसा एक टणक थांबा लागायला हवा. तो लागलाच नाही. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलेलं आणि आतल्या बाजूची गादी फाटलेली दिसली.

माझ्या खोलीत पाच माणसं

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती, आई, वडील आणि तिचे सर एकत्र आले. सर मंडळाचे प्रशिक्षक. दिवसा कारकुनी, संध्याकाळी साडेसहापासून मैदान, वीस वर्षं एक पैसा न घेता. त्यांच्याबद्दल मी जे लिहिते आहे ते रागानं नाही. शल्यचिकित्सकांनी तिला "सहा महिन्यांनी खेळ सुरू करता येईल" असं सांगितलं होतं. सरांनी त्याचे पाच केले.

"विनेश बघा ना," सर म्हणाले. उदाहरण खरं आहे. विनेश फोगाटच्या गुडघ्यावर 2023 च्या ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली, तीही मुंबईतच, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकला एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून ती अंतिम फेरीत पोचली. पण तिचं काम म्हणजेच कुस्ती. आमच्या मुलीला सकाळी पाणी भरायचं होतं, दुपारी कॉलेज, आणि माझ्याकडे यायला लोकलचा जिना. शिवाय शस्त्रक्रियेपासून ऑलिंपिकपर्यंत विनेशलाही जवळपास एक वर्ष मिळालं होतं. पाच महिने नव्हे.

मग मी आकडे सांगितले. आज वाटतं, ते जरा जास्तच आणि चुकीच्या क्रमानं सांगितले. 2014 मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर 81 टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले, आधीच्या पातळीवर 65 टक्के आणि स्पर्धात्मक खेळात 55 टक्के. मुलगी म्हणाली, "म्हणजे निम्म्याहून जास्त खेळतात." आई त्याच वेळी म्हणाली, "म्हणजे निम्म्या नाही खेळत." दोघींचं बरोबर होतं, आणि दोघींनी तो आकडा आपापल्या पारड्यात टाकला. शिवाय न परतलेल्या सगळ्यांचा गुडघा बिघडलेला असतो असं नाही. कुणाला भीती वाटते, कुणाला नोकरी लागते, कुणाचं लग्न होतं. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

दुसरा आकडा सगळ्यांनी गप्प बसून ऐकला. 25 वर्षांखालचे जे खेळाडू पुन्हा खेळायला लागतात त्यांच्यापैकी साधारण 23 टक्के जणांचं एसीएल पुन्हा जातं, त्याच पायाचं किंवा दुसऱ्या. वडिलांनी विचारलं, "दुसऱ्या पायाचं का?" उत्तर लांबलचक आहे. थोडक्यात, ज्या सवयीनं पहिला पाय गेला ती सवय दोन्ही पायांत असते, आणि पहिल्याला जपताना दुसऱ्यावर भार वाढतो.

शस्त्रक्रिया करायचीच का, हाही प्रश्न होता आणि तो आईनं विचारला. मला आवडला. स्वीडनमध्ये 121 तरुण रुग्णांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लगेच शस्त्रक्रिया केलेले आणि आधी व्यायाम, गरज पडली तरच शस्त्रक्रिया असे दोन गट होते. दोन वर्षांनी दोघांची तब्येत सारखीच निघाली, आणि दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांची शस्त्रक्रिया टळली. मात्र त्यात व्यावसायिक खेळाडू नव्हते. तिला कबड्डी सोडून नोकरी, संसार आणि सकाळचं फिरणं एवढंच हवं असतं तर मी आधी तीन महिने व्यायामच सांगितला असता. इथे गादी फाटली होती, गुडघा निसटत होता आणि तिला मॅटवर उतरायचं होतं. या तिन्ही गोष्टींचा कौल शस्त्रक्रियेच्या बाजूला.

आईला खरा धाक होता तो पुढचा. "उद्या हिला मांडी घालून बसता आलं नाही तर?" हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. स्वीडनमधल्याच एसीएल गेलेल्या महिला फुटबॉलपटूंची 12 वर्षांनी तपासणी झाली तेव्हा त्यांचं सरासरी वय 31 होतं, आणि निम्म्या जणींच्या क्ष-किरण चित्रात गुडघ्याची झीज दिसली. शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या, दोन्हींत. म्हणजे कबड्डी सोडली की गुडघा वाचला असं नव्हे. काही नुकसान डिसेंबरातच झालं होतं. आई यावर काही बोलली नाही. तिनं पदरानं चष्मा पुसला आणि पर्स उघडून रिपोर्टची घडी नीट केली.

तिसरा मजला

शस्त्रक्रिया फेब्रुवारीच्या शेवटी झाली. मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून नवं एसीएल केलं, गादी शिवली. गादी शिवली की पहिले काही आठवडे गुडघा काटकोनाच्या पुढे वाकवायचा नाही, आणि उकिडवं बसणं चारेक महिने बंद. कागदावर हे एका ओळीत मावतं. चाळीत संडास सामायिक आणि भारतीय पद्धतीचा, मजल्याच्या टोकाला. वडिलांनी बैठकीला भोक असलेली लोखंडी खुर्ची आणली, सकाळी पाचला ती तिथे नेऊन ठेवायची आणि परत आणायची. शेजारच्या आजींनी पहिल्या आठवड्यात कुरकुर केली, दुसऱ्या आठवड्यापासून स्वतःच ती खुर्ची वापरू लागल्या.

जिना दिवसातून एकदाच, असं ठरलं. त्यामुळे पहिले दीड महिने मी तिच्याकडे जायचे. मांडीचा पुढचा स्नायू शस्त्रक्रियेनंतर इतका झोपतो की डोळ्यांदेखत बारीक होतो. तो जागा करणं हेच पहिल्या तीन महिन्यांचं काम, आणि त्याच्याइतकं कंटाळवाणं काम जगात दुसरं नाही. ती गॅलरीत पाय पसरून बसायची, खाली नाक्यावरची मुलं "दीदी, रेड कधी?" म्हणून ओरडायची.

नवीन दोरीबद्दल लोकांना एक गोष्ट माहीत नसते. शस्त्रक्रियेच्या दिवशी ती भक्कम असते, नंतरच्या दोन-तीन महिन्यांत कमजोर होते, कारण शरीर तिच्यात नव्यानं रक्तवाहिन्या घालत असतं. नेमकं त्याच सुमारास दुखणं कमी झालेलं असतं आणि खेळाडूला वाटतं की झालं. मे महिन्यात तिनं गच्चीवर दोरीउड्या मारल्याचं मला तिच्या भावाकडून कळलं. त्या दिवशी मी जरा जोरातच बोलले.

चौथ्या महिन्यात विचारलेला प्रश्न

जूनच्या एका सकाळी, पाऊस पडत होता, दुसरं कुणी आलं नव्हतं. मी सहज विचारलं, "खेळून तुला नक्की काय हवंय गं?" हा प्रश्न मी फेब्रुवारीत विचारायला हवा होता. तोवर मी, सर आणि शल्यचिकित्सक, तिघंही "परत खेळणं" म्हणजे एकच वस्तू धरून चाललो होतो.

तिला नोकरी हवी होती. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्याला स्पर्धेतल्या क्रमांकाचं, पडताळणी झालेलं प्रमाणपत्र लागतं. कुमारी गटात पदक हुकलं होतं. म्हणून मुंबई शहरच्या वरिष्ठ संघात निवड, म्हणून राज्य स्पर्धा, म्हणून ऑक्टोबर. पुरुषांचं जरा वेगळं आहे. 2014 पासून प्रो कबड्डीनं चांगल्या चढाईपटूला नोकरीशिवायही जगता येईल असं केलं. त्याच लीगनं महिलांसाठी 2016 मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा घेतली, पण ती पुढे चालली नाही. मुलींच्या कबड्डीत पैसा अजूनही बहुतेक नोकरीच्या वाटेनंच येतो.

मग ती हळूच म्हणाली, "आणि मॅडम, पोलीस भरतीचाही फॉर्म भरायचाय. सरांना नाही सांगितलं."

इथे सगळा हिशेबच बदलला. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना 800 मीटर धावणं, 100 मीटर धावणं आणि गोळाफेक असते. धावणं जवळजवळ सरळ रेषेत. कुणी मागून कंबर धरत नाही, वळून परत यायचं नाही. आठ-नऊ महिन्यांच्या, नीट मेहनत घेतलेल्या गुडघ्याला हे झेपतं. म्हणजे नोकरीची एक वाट अशी होती की जिच्यासाठी मॅटवर उतरायची गरजच नव्हती. उलट ऑक्टोबरात घाईनं मॅटवर उतरून गुडघा पुन्हा गेला असता तर कबड्डीही गेली असती आणि भरतीही.

"मग कबड्डी सोडू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "सोडायला मी सांगत नाहीये. नोकरीसाठी खेळायची सक्ती काढून टाक, आणि मग बघ खेळावंसं वाटतं का." ती आठवडाभर आली नाही. नंतर आली आणि म्हणाली, "वाटतं."

ऑक्टोबर

निवड चाचणी आली तेव्हा साडेसात महिने झाले होते. 2016 चा नॉर्वेचा एक अभ्यास मी खेळाडूंना नेहमी सांगते: नवव्या महिन्यापर्यंत, खेळ सुरू करणं जितके महिने पुढे ढकलाल, त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचं प्रमाण साधारण निम्म्यानं घटतं. सरांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, फक्त नाव यायला हवं, चार चढाया हलक्या हातानं करेल. निवड चाचणीत हलक्या हातानं चढाई करणारी चढाईपटू मी अजून पाहिलेली नाही.

आम्ही मोजमाप घेतलं. डाव्या मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद उजव्याच्या 82 टक्के, अपेक्षा किमान 90 ची. त्यात एक मेख असते. वर्षभर बसून उजवा पायही कमजोर होतो, म्हणून नुसती तुलना सोपी पडते. मी तिच्या उजव्या पायाचा शस्त्रक्रियेआधीचा आकडा लिहून ठेवला होता, त्याच्याशी ताडलं तर डावा 75 च्या आसपास. एका पायावरच्या उडीत मात्र ती जवळजवळ बरोबरीला होती. उड्या फसवतात. शरीर कंबरेतून आणि घोट्यातून भरपाई करतं आणि अंतर पूर्ण होतं.

ती चाचणीला गेली नाही. सरांशी फोनवर काय बोलली ते मला माहीत नाही. त्यानंतर महिनाभर सर माझ्याशी बोलले नाहीत.

टॉवेल

परतण्याच्या चाचण्या बहुतेक फुटबॉल-बास्केटबॉलच्या मापानं केलेल्या आहेत. फुटबॉलमध्ये कुणी तुमचा घोटा दोन्ही हातांनी धरून बसत नाही. कबड्डीत धरतात, आणि मग चढाईपटू मांडीच्या मागच्या स्नायूच्या जोरावर स्वतःला मध्यरेषेकडे ओढत नेते. तिची नवी दोरी तिथूनच काढलेली. म्हणून नोव्हेंबरपासून मी तिच्या घोट्याला टॉवेल गुंडाळून मागून धरायचे आणि ती ओढायची. आधी बसून, मग उभी, मग कधी धरणार ते न सांगता. पहिल्यांदा न सांगता धरलं तेव्हा ती जागच्या जागी गोठली. दुखलं नव्हतं. "हात आला ना, तेव्हा टक् ऐकू आलं," ती म्हणाली.

मनाची तयारी मोजायला 12 प्रश्नांची एक जगन्मान्य प्रश्नावली आहे. मी ती मराठीत तोंडी विचारते. तिचे गुण डिसेंबरात कमी होते, जानेवारीअखेर बरेच वर आले. पण मला खरा भरवसा टॉवेलानं दिला. जानेवारीत एक दिवस मी घोटा धरला आणि तिनं मला ओढत भिंतीपर्यंत नेलं. माझा चष्मा पडला.

सरांनी मध्ये सुचवलं होतं की तिला चढाईतून काढून कोपऱ्यात उभी करू, म्हणजे गुडघ्याला आराम. मला ते पटलं नाही. घोट्याची पकड करताना कोपरारक्षकाचा गुडघा जसा वाकतो आणि वर चढाईपटूचं सगळं वजन येतं, त्यात आराम कुठला?

कागद

मॅटवर उतरण्याआधी मी तिला एक गोष्ट करायला लावली. तापल्या डोक्यानं कुणी थांबत नाही, म्हणून थंड डोक्यानं, स्वतःच्या हातानं, कधी थांबायचं ते लिहून ठेवायला सांगितलं. तिनं वहीच्या पानावर लिहिलं: गुडघा एकदा जरी निसटला तर त्या मोसमात खेळ बंद. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सूज आली तर पुढचा सामना नाही. भरतीची मैदानी चाचणी एका महिन्यावर आली की मॅट बंद. शेवटची ओळ मला अपेक्षित नव्हती: "मजा येत नसेल तर बंद."

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, जवळपास वर्षानं, ती उत्तरार्धात बदली म्हणून उतरली. महिलांचे डाव 15-15 मिनिटांचे, तिच्या वाट्याला चार चढाया आल्या. चढाई धरली जावी म्हणून जी 'निदान रेषा' ओलांडावी लागते तेवढी ओलांडली आणि परत आली, बोनसला गेलीच नाही. दुसऱ्या सामन्यात दोन गुण. तिसऱ्यात तिनं बोनस घेतला, तोच पाय रोवून वळली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला गुडघ्याचा फोटो आला. वाटीच्या वरच्या बाजूला हलकी सूज होती. पुढचा सामना उपांत्य फेरीचा.

ती किट बॅग घेऊनच दवाखान्यात आली. मी गुडघा पाहिला, गंभीर काही नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही खेळ म्हणाल ना?" मी काही म्हटलं नाही, फक्त तिला तिची वही विचारली. तिनं पान काढलं, वाचलं, आणि बॅग तिथेच ठेवून बर्फ मागितला. संघ तीन गुणांनी हरला. त्यांच्या कर्णधार ताईनं तिच्याशी आठवडाभर बोलणं टाकलं.

त्या मोसमात ती आणखी दोन सामने खेळली. कंपनीनं करार वाढवला नाही. वाईट वाटलं, पण तिनं कुणाला दोष दिला नाही. भरतीच्या मैदानी चाचणीत 800 मीटर चांगलं गेलं, गोळाफेकीत मात्र गुण गेले, ज्याचा गुडघ्याशी काडीचा संबंध नाही. लेखी परीक्षा झाली आहे, निकाल यायचा आहे.

यंदाच्या निवड चाचणीला ती जाणार आहे, आणि सरांनीच तिचं नाव दिलं आहे. गेल्या आठवड्यात तिनं वहीचं पान पुन्हा दाखवलं. खाली एक नवी ओळ आहे, वर्दी मिळाली तर प्रशिक्षण संपेपर्यंत मॅट बंद, आणि तिच्याखाली आईची सही. सही कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "घरी रोजची कटकट नको, मॅडम."